यमुताईंच्या पायातली सळई

यमुताई, तुमच्या पायातली सळई सापडली.

तुमचा भाऊ, म्हणजे आमचे हे, गावातल्या चार जणांना घेऊन कळंबच्या किनाऱ्यावर सावडायला गेले होते. राख गार झाली होती. अस्थी गोळा करताना ह्यांच्या हाताला काहीतरी लांबट आणि जड लागलं. बाहेर काढलं तर ती सळई, आणि तिच्यात तिरपा अडकलेला जाडजूड स्क्रू. काळवंडली होती, पण कुठे वाकली नव्हती. ह्यांनी ती रुमालात गुंडाळली आणि तुमच्या घरी आणून ओटीवर ठेवली.

मला आधी रडू आलं नाही. आधी तुमच्याशी भांडावंसं वाटलं. तीन वर्षं तुम्ही अख्ख्या गावाला सांगत होता की डॉक्टरांनी तुमच्या पायात काही घातलंच नाही. सुया टोचल्या, चिकटपट्ट्या लावल्या आणि घरी पाठवलं, एवढंच तुमचं म्हणणं. मी एक्स-रे दाखवला तर तो दुसऱ्याच कुणाचा तरी आहे म्हणालात. मी मुलांना विज्ञान शिकवण्यात जन्म घालवला, पण एका बाईला तिच्याच मांडीत काय आहे ते पटवून देऊ शकले नाही. आता सळई समोर पडली होती आणि वाद घालायला तुम्ही नव्हता. मला तुमचा रागच आला.

तुम्ही पडलात तो दिवस मला नीट आठवतो. कोंबड्यांना हाकलायला म्हणून मागच्या दारी गेलात आणि मोरीच्या शेवाळलेल्या दगडावरून पाय घसरला. शेजारच्या शेवंताने फोन केला तेव्हा ती पडल्याचं सांगायच्या आधी रडायलाच लागली होती. आम्ही तुळिंजच्या आमच्या घरून निघून पोचेपर्यंत गावकऱ्यांनी तुम्हाला टेम्पोत गादी टाकून वसईच्या हॉस्पिटलात आणलं होतं. डाव्या पायाचं पाऊल बाहेरच्या बाजूला कलंडलेलं आणि पाय आखूड दिसत होता. खुब्याशी हाड मोडलंय, असं डॉक्टरांनी सांगितलं, तेव्हा तुम्ही मान हलवलीत. जणू तुम्हाला हे कधीपासूनच ठाऊक होतं.

नंतर ह्यांच्याकडून मला कळलं की तुमच्या आईचाही खुबा असाच मोडला होता. मी लग्न होऊन यायच्या आधीची गोष्ट. पायाला विटा टांगून त्यांना कळंबच्या घरात खाटेवर ठेवलं होतं आणि त्या खाटेवरून त्या पुन्हा उठल्या नाहीत. पाठीला जखमा झाल्या, छाती भरली. तुम्ही तेव्हा नुकत्या विधवा होऊन माहेरी परतला होता. त्यांना कुशीवर वळवायचं, पुसायचं, भरवायचं, आणि लहान भावालाही सांभाळायचं, हे सगळं तुम्ही एकटीनं केलंत. तुमच्या घरात खुबा मोडणं याचा एकच अर्थ होता.

म्हणून तुम्ही हॉस्पिटलात पडल्या पडल्या निरवानिरव सुरू केलीत. कोंबड्या शेवंताला. पितळी हंडा तिच्या सुनेला, कारण तिची त्याच्यावर कधीपासून नजर होती. कानातले आमच्या मुलीला. पाटा-वरवंटा कुणाला द्यायचा यावर तर तुम्ही दुखत्या पायानं चांगला अर्धा तास विचार केलात. बघायला येणारे सगळे डोळे पुसत होते आणि मिळालेल्या वस्तूंना मनातल्या मनात जागाही करत होते.

डॉक्टर वयानं आमच्या मुलीएवढे. ह्यांनी त्यांना विचारलं की या वयात सुरी लावायची काय गरज आहे. त्यांनी शांतपणे सांगितलं की या वयात खरा धोका बिछान्याचा आहे. माणूस पडून राहिलं की छातीत कफ साठतो, पाठ सोलवटते, पायात रक्ताच्या गाठी होतात. ऑपरेशन म्हणजे आता पूर्वीसारखी मांडी उघडायची नाही. बोटाच्या पेरांएवढे दोन-तीन छेद घ्यायचे, एक्स-रेच्या पडद्यावर बघत बघत हाडाच्या पोकळीत सळई सरकवायची आणि स्क्रूनं मोडलेला तुकडा तिला जखडून टाकायचा. रक्त फारसं जात नाही. हृदय आणि साखर तपासून घेतो, सगळं ठीक निघालं तर उद्या करू आणि परवा आजींना उभं करू, असं ते म्हणाले.

परवा उभं करू हे ऐकून कळंबहून आलेली मंडळी एकमेकांकडे बघायला लागली. कुणीतरी हळूच मनोरकडच्या एका हाडवैद्याचं नाव काढलं. ह्यांचं काही ठरेना. तुम्ही मात्र डॉक्टरांना जवळ बोलावलंत.

"यात मानूस मरतो काय?"

"मरू शकतो, आजी. तुमच्या वयात धोका असतोच. पण नुसतं झोपून राहिलात तर त्याहून जास्त."

"मग करा."

सगळ्यांना तुमच्या धीराचं कौतुक वाटलं. मलाही वाटलं. तो धीर नव्हता, हे तुम्हीच मला पुढे एकदा लसूण सोलता सोलता सांगितलंत. ऑपरेशनच्या टेबलावर पटकन सुटका होईल, आईसारखं महिनोन्महिने लोंबकळावं लागणार नाही, असा तुमचा हिशेब होता. डॉक्टर तुम्हाला चालवायला बघत होते आणि तुम्ही त्यांच्या हातून मरायला निघाला होता.

आणि मरायचंच म्हटल्यावर खोटं कशाला बोला. ऑपरेशनच्या सकाळी तुम्ही एकेकाला खाटेजवळ बोलावून खरं सांगायचा सपाटा लावलात. शेवंता माहेरी तांदूळ पोचवते, हे तिच्या सासूच्या कानावर तुम्हीच घातलं होतं, असं तिला सांगितलंत. तिची सासू जाऊन जमाना झाला होता, पण शेवंताचं तोंड उघडंच राहिलं. ह्यांना म्हणालात, तू बापासारखा भित्रा आहेस, कधी काही ठरवलं नाहीस. मग सगळ्यांना बाहेर काढून मला बोलावलंत.

शाळेत शिकवायचे म्हणून लग्नाच्या पहिल्या दिवसापासून तुम्ही मला मास्तरीण म्हणायचात. तुमच्या बोलीत, न लावून. नावानं कधीच हाक मारली नाहीत.

"मास्तरीन," तुम्ही म्हणालात, "जाताना खोटा नाय बोलाचा. तू मना कधी आवडली नायस."

एवढं बोलून तुम्ही भिंतीकडे तोंड फिरवलंत. तेवढ्यात स्ट्रेचर आलं.

मी बाहेर बाकड्यावर बसले. ह्यांनी विचारलं, ताई काय म्हणाली. मी म्हटलं, सांभाळून राहा म्हणाली. माझं सगळं अंग तापलं होतं. उभ्या जन्मात मी तुमच्याशी कधी उलट बोलले नव्हते. दर सणाला तुळिंजहून कळंबला आले, तुमच्या चुलीपुढे बसून डोळे लाल करून घेतले, माझ्या माहेरच्या वाडीतली केळी आणि विड्याची पानं तुमच्यासाठी आणली. तुम्ही मला कधी मायेनं जवळ घेतलं नव्हतंत, पण तो तुमचा स्वभाव आहे, अशी मी समजूत करून घेतली होती. त्या बाकड्यावर मी देवाला म्हटलं की ही बाई जगू दे. तिच्याशी मला भांडायचंय.

देवानं ऐकलं. तासाभरात तुम्ही बाहेर आलात, टक्क जाग्या. कमरेखालचं बधिर केलं होतं, त्यामुळे आतलं सगळं तुम्हाला ऐकू आलं होतं. तुमची पहिली तक्रार हीच की आत कुणीतरी सुतारकाम करत होतं. संध्याकाळी बधिरपणा उतरल्यावर तुम्ही चादर बाजूला करून मांडी बघितलीत. तीन छोट्या पट्ट्या. तुम्ही नर्सला विचारलंत, कधी करणार? ती म्हणाली, झालं की आजी. तुमचा चेहरा एवढा पडला की मला सगळा राग विसरून हसू फुटलं. गावाचा निरोप घेतला, हंडा देऊन बसलात, लोकांना नको ते ऐकवलंत, आणि आता दाखवायला धड जखमसुद्धा नाही.

दुसऱ्या दिवशीचा प्रसंग मात्र हसण्यासारखा नव्हता. व्यायाम शिकवणारी मुलगी वॉकर घेऊन आली, तेव्हा कळंबची निम्मी आळी खोलीत होती. शहाळी आणली होती, कुणी तुमचे पाय चेपत होतं, कुणी वारा घालत होतं. उभं करायचं म्हटल्यावर सगळे एकदम बोलायला लागले. हाड कालच जोडलंय, आज भार कसा टाकायचा. महिनाभर तरी पाय टेकवू नका. आम्ही आहोत ना करायला. ती मुलगी दोनदा समजावून सांगायला गेली, तिला कुणी बोलूच देईना. हेही म्हणाले, राहू दे आज, तिला भीती वाटतेय. तुम्ही डोळे गच्च मिटून पडला होता. त्या सगळ्यांची तुमच्यावर माया होती. त्यांच्यातल्या थोरल्यांनी तुमच्या आईवरही अशीच माया केली असणार.

मग मी वर्गात ओरडायचे तशी ओरडले. सगळ्यांना बाहेर काढलं, ह्यांनासुद्धा. दार लावलं. त्या मुलीनं तुम्हाला खाटेच्या कडेला बसवलं, वॉकर पुढे ठेवला आणि मला म्हणाली, तुम्ही त्या बाजूनं धरा. मी हात पुढे केला तर तुम्ही तो धरेनात. तेव्हा मला कळलं, तुम्हाला पायाची भीती नव्हती. काल जे बोललात त्यानंतर माझा हात कसा धरायचा, हा तुमचा प्रश्न होता.

"मी तुम्हाला आवडत नाही, हे कळलं मला," मी म्हटलं. "आवडायला नंतर सवडीनं बघू. आत्ता धरा."

तुम्ही माझ्याकडे बघितलंत. मग माझा दंड असा धरलात की पुढे चार दिवस तिथे तुमची बोटं निळी दिसत होती. उठलात. वॉकर एकदा पुढे सरकवलात, मग पुन्हा एकदा. दारापर्यंत गेलात, मीच ते उघडलं. बाहेर तुमचं सगळं गाव उभं होतं. शेवंताच्या हातातलं शहाळं खाली पडलं.

त्यानंतर तुम्ही आमच्याकडे तुळिंजला आलात. एवढे दिवस सलग तुम्ही आमच्या घरी कधीच राहिला नव्हता. तुम्हाला ती जागा सोसली नाही. खिडकीतून समोरच्या बिल्डिंगचे कपडे दिसायचे, त्यावर तुमचा आक्षेप. खाली मासळीवाली यायची, तिच्या मासळीवर आक्षेप. माझ्या कालवणाला दर्याची चव नाही, हेही एकदा सांगून टाकलंत. खरं बोलायची सवय लागली होती तुम्हाला, ती काही सुटली नाही. पण रोज सकाळी आणि चहानंतर तुम्ही माझा दंड धरून पॅसेजमध्ये चालत होता. अंघोळीला मीच. संडासाच्या उंच खुर्चीवर बसवायला मीच, कारण भावाकडून ते करून घेणं तुम्हाला मरणाहून अवघड वाटायचं. मी तुमची पाठ चोळायचे आणि तुम्ही भिंतीशी बोलल्यासारख्या तुमच्या आईबद्दल बोलायचात. ती कशी शेवटी कुणाला ओळखेना. तिच्या पाठीचा वास तुमच्या नाकातून कसा वर्षानुवर्षं गेला नाही. ताई, हे तुम्ही भावालासुद्धा कधी सांगितलं नव्हतंत. आमच्या मोरीत मला माझी नणंद पहिल्यांदा भेटली.

मग वॉकर सुटला, काठी आली, आणि तुम्ही घरी जायचं काढलंत. हे ठाम नाही म्हणाले. एकटी राहणार, पुन्हा पडली तर काय. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी काहीतरी ठरवलं होतं आणि ते नेमकं तुम्हाला नको होतं. तुम्ही दोघं बहीणभाऊ आठवडाभर एकमेकांशी बोलला नाहीत. मी मध्ये होते. शेवटी मी रिक्षा आणली, तुमची पिशवी भरली आणि ह्यांना सांगितलं की तिला पायावर उभं केलंय ते कपाटात ठेवायला नाही. हे माझ्यावर फार चिडले. रिक्षात बसल्यावर तुम्ही भावाचं नाव घेऊन म्हणालात, बाळू ओरडेल तुला. मी म्हटलं, ओरडू दे.

घरी पोचल्यावर चहासुद्धा न घेता तुम्ही काठी टेकत शेवंताकडे गेलात आणि कोंबड्या परत मागितल्यात. मी लाजेनं अर्धी झाले. तिनं निमूटपणे दिल्या, पण एक कमी होती. तुमच्या ऑपरेशनच्या दिवशी कळंबची मंडळी हॉस्पिटलातून उपाशी परतली होती, तेव्हा ती कापून खाल्ली गेली होती. तुम्ही शेवंताला तांदळाचं सांगून दुखावलंत याचं तुम्हाला काही वाटलं नाही, पण ती कोंबडी तुम्ही शेवटपर्यंत विसरला नाहीत. हंडाही परत आणलात. कानातले आमच्या मुलीनं स्वतःच आणून दिले, तेव्हा तिला म्हणालात, पुढच्या टायमाला देईन. एवढं सगळं परत मागितलंत, पण मला जे बोलला होता त्यातला एक शब्दही मागे घेतला नाहीत. मी वाट बघत होते, हे तुम्हाला कळत असणार. मीही कधी विषय काढला नाही.

आता तुम्ही झोपेत गेलात. शेवंता सकाळी दार वाजवत राहिली. हृदय थांबलं, असं डॉक्टर म्हणाले. पायाचा काही संबंध नव्हता. तरी तुम्हाला पोचवून आल्यापासून हे सारखं एकच वाक्य बोलत होते, आपल्याकडे ठेवून घेतलं असतं तर. थेट माझ्याकडे बघून बोलत नव्हते, पण ते मलाच होतं. समाचाराला येणाऱ्यांतले काही जणही तेच म्हणाले. मला कुठे माहीत आहे खरं उत्तर? ठेवून घेतलं असतं तर कदाचित अजून असतात. आमच्या खिडकीशी बसून समोरचे कपडे मोजत असतात. मला तशा तुम्ही नको होतात, एवढं मात्र माहीत आहे.

सळई आणली त्या दुपारी हे ओटीवर तिच्याजवळ बसून राहिले. हातात घेऊन बघत होते. एवढी मोठी वस्तू त्या एवढ्याशा छेदातून आत गेली आणि तिला कळलंसुद्धा नाही, असं म्हणाले. गावातले एक वडीलधारे म्हणाले, अस्थींबरोबर लोखंड सोडू नये, ते काही देहातलं नाही. ह्यांनी मान वर केली. म्हणाले, तीन वर्षं माझी बहीण हिच्यावर चालली, हिच्यावर आपल्या घरात राहिली, ही तिचीच. आणि ती अस्थींबरोबर दर्यात सोडून आले. परत आल्यावर माझ्या शेजारी बसले आणि माझा हात हातात घेतला. त्यानंतर ते वाक्य पुन्हा बोलले नाहीत.

माझं मात्र त्या शेवटच्या रविवारपाशी अडकलंय. ह्यांना बरं नव्हतं म्हणून मी एकटीच कळंबला आले होते. तुम्ही बोंबलाचं कालवण केलं होतंत. जेवलो, काही विशेष बोललो नाही. मी निघाले तेव्हा तुम्ही काठी घेतलीत आणि चपला घातल्यात. भाऊ आला की तुम्ही त्याला फाटकापर्यंत सोडायचात, मला कधी ओटीच्या पायरीवरूनसुद्धा नाही. मी म्हटलं, कशाला येता, ऊन आहे. तुम्ही ऐकलं नाहीत. रिक्षा उभ्या राहतात तिथपर्यंत आलात. वाटेत पर्यटकांसाठी झालेल्या त्या नव्या कॉटेजांमधल्या गाण्यांना शिव्या घातल्यात, सुक्या मासळीचे भाव सांगितलेत. मी बसले तेव्हा तुम्ही वाकून रिक्षावाल्याला म्हणालात, "सावकाश ने. आमची मास्तरीन हाय."

रिक्षा सुरू झाली. मी मागे वळून बघितलं तर तुम्ही हात हलवायला थांबला नव्हता. पाठ करून घराकडे निघाला होता. काठी नुसती हातात होती, जमिनीला टेकत नव्हती. दोन्ही पाय सारखे पडत होते. मला एकदम वाटलं की रिक्षा थांबवावी, तुम्हाला हाक मारावी आणि जे इतकी वर्षं माझ्या तोंडी येत नव्हतं ते बोलून टाकावं. पण निघालेल्या माणसाला मागून हाक मारू नये म्हणतात. मी मारली नाही.

आता मारते आहे. यमुताई, तुम्ही मला फार आवडायचात.